बेटकुळी दाखवा, दवाखाना थाटा!

एमबीबीएस व्हायला साडेपाच वर्षे लागतात. त्यातले शेवटचे वर्ष वॉर्डात राबण्यात, वरिष्ठांच्या शिव्या खाण्यात आणि मरणारी माणसे जवळून बघण्यात जाते. भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात आरोग्याचा गुरू व्हायला मात्र सहा महिने पुरतात. एक जिम, एक मोबाइल आणि कॅमेऱ्यासमोर शर्ट काढण्याची तयारी, एवढे भांडवल जमले की झाले. मग कापूरहोळपासून करंजावण्यापर्यंत कोणाच्याही पोराने काय खावे, काय टोचून घ्यावे आणि डॉक्टरने दिलेली कोणती गोळी उद्यापासून बंद करावी, हे सांगायला हा मोकळा! ना पदवी, ना नोंदणी, ना जबाबदारी. विचारलेच कोणी, तर उत्तर तयार असते: ‘मी स्वतःवर करून बघितलंय, दादा!’

करून बघितलेस ना? मग तुझे तुला लखलाभ. पण तुझ्या दंडाच्या बेटकुळीवरून महुडे खोऱ्यातल्या साखर असलेल्या म्हातारीने आपले इन्सुलिन बंद करायचे, हा कुठला न्याय? तुझ्या मूत्रपिंडांनी जे सोसले ते शेजारच्या पोराचीही सोसतील, हे तुला कोणी सांगितले? जो माणूस आपल्या एका देहाच्या अनुभवावर दोन तालुक्यांच्या देहांचा निवाडा करतो, त्याला आम्ही अडाणी म्हणणार नाही. अडाणी माणूस विचारतो तरी. हा विचारत नाही, फर्मावतो!

या मंडळींची भुरळ कशात आहे, हे आम्हाला न कळण्याइतके आम्ही मुंबईकर नाही. दवाखान्यात नंबर लावून तास-दीड तास बसावे, आत गेल्यावर डॉक्टरने मान वर न करता दोन मिनिटांत चिठ्ठी खरडावी, ‘काय झालंय मला?’ विचारले तर ‘गोळ्या घ्या, बरं वाटेल’ एवढेच ऐकावे, हा इथल्या माणसाचा रोजचा अनुभव आहे. पुण्याला जावे तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते आणि वर तपासण्यांची यादी हातात पडते. त्याच्या तुलनेत हा गुरू आपल्या भाषेत बोलतो, नावाने हाक मारतो, अर्धा तास ऐकून घेतो. कालपर्यंत तो आपल्यासारखाच शिरवळच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जात होता, त्याचेही पोट सुटले होते. आज त्याचे दोन फोटो शेजारी-शेजारी लावलेले आहेत, आधीचा आणि नंतरचा. डॉक्टर स्वतः ढेरपोट्या, हा सडपातळ. मग विश्वास कोणावर बसणार? या विश्वासाची पहिली जबाबदारी आमच्या डॉक्टरवर्गाचीच आहे, हे आम्ही स्वच्छ सांगतो. ज्यांनी अंगदुखीला सलाईन आणि सर्दीला अँटिबायोटिक देऊन खेड्यातल्या माणसाला औषधाची अक्कल कधी दिलीच नाही, त्यांनी आता ‘लोक भलत्यांचे ऐकतात’ म्हणून कपाळ बडवू नये.

पण डॉक्टर चुकला म्हणून भोंदू पवित्र होत नाही.

पहाटे साडेचारला भाटघरच्या रस्त्याला, चेलाडीच्या बाजूला, तोरण्याच्या पायथ्याला जाऊन बघा. अंधारात पोरे धावत असतात. पोलीस भरतीची शारीरिक चाचणी पन्नास गुणांची: १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण, गोळाफेक १५ गुण. सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत मारले तर पैकीच्या पैकी. बापाची खाचरे एक-दीड एकराची, त्यातले निम्मे भाऊबंदकीत अडकलेले, धाकटी बहीण अकरावीला. त्या दहा सेकंदांवर अख्ख्या घराची दहा वर्षे टांगलेली असतात. अशा पोराला जो ‘वेळ कमी करून देतो’ म्हणेल, त्याच्या पायावर तो डोके ठेवील. आणि तसे म्हणणारे निघालेच आहेत! बहुतेक ठिकाणी हे ‘सर’ स्वतः भरतीत दोनदा आपटलेले असतात. गुरूची पात्रता काय, तर नापास होण्याचा दांडगा अनुभव!

हे सर काय शिकवतात? अंग भरायचे असेल तर वजन वाढवायच्या गोळ्या. या गोळ्यांत भूक वाढवणारे एक औषध असते आणि पुष्कळदा जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. पंधरा दिवसांत गाल वर येतात, आई खूश होते, सर फोटो काढतात. ते अंग नव्हे, साठलेले पाणी आणि चरबी आहे, हे कोणी सांगत नाही. स्टेरॉइडने रक्तातली साखर चढते, हाडे पोकळ होतात. पुष्कळ दिवस घेऊन ते एकदम थांबवले तर शरीराने स्वतः स्टेरॉइड तयार करणे आधीच सोडून दिलेले असते आणि ताप-जुलाबाच्या साध्या निमित्ताने माणूस कोसळू शकतो. हे सांगायला सर तिथे नसतात. तेव्हा ते पुढच्या तुकडीचे फोटो काढत असतात.

याहून भयंकर गोष्ट दहा मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत येते. मेफेंटरमाइन हे तिचे नाव. पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब धाडकन खाली आला, तर भूलतज्ज्ञ तो वर आणायला हे इंजेक्शन देतो. देताना डोळे मॉनिटरवर असतात, ऑक्सिजन हाताशी असतो. तेच इंजेक्शन जिमच्या संडासात, एकाच सुईने तिघे-चौघे, ‘पंप येतो’ म्हणून टोचून घेतात. हृदय घोड्यासारखे उधळते, झोप उडते, भ्रम होतात, सवय जडते. पुण्यात पोलिसांनी गेल्या काही वर्षांत या इंजेक्शनांचा चोरटा व्यापार वारंवार पकडला आहे, आणि गिऱ्हाईक कोण, तर जिमची पोरे. पुण्यात जे विकले जाते ते पन्नास किलोमीटरवरच्या भोरला पोचत नसेल, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ती खुशाल बाळगावी. स्वारगेटहून गाड्या सुटतात.

२०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना एकामागून एक उमेदवार रस्त्यावर कोसळून मेले. खेड्यांतून आलेली, रात्र फुटपाथवर काढलेली, उपाशीपोटी उन्हात धावलेली पोरे होती ती. सरकारने मग अंतर कमी केले. अंतर कमी झाले, पण त्या पोरांना धावायला तयार करणारी व्यवस्था आजही तशीच आहे. कोणाच्या छातीत जन्मापासून दोष आहे, कोणाचे हिमोग्लोबिन आठावर आले आहे, हे धावायला लावण्यापूर्वी कोण बघतो? सर बघतात? सरांच्या हातात फक्त शिट्टी आहे.

आता हिशेबाचे बोलू, कारण या सगळ्या थोतांडाचे मूळ चुकलेल्या हिशेबात आहे.

आमच्या मावळ्यांना हा हिशेब नवा नाही. हिरडस मावळात आणि गुंजण मावळात भातलावणीच्या दिवसांत पान लागते, म्हणजे साप चावतो. पान लागले की पूर्वी आधी मांत्रिकाकडे नेत आणि मांत्रिक विष उतरवीत असे. खरोखर उतरवीत असे, लोक उठून घरी जात! कारण चावणाऱ्या सापांत धामण, दिवड, तस्कर यांच्यासारखे बिनविषारीच जास्त, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. दहातली सात-आठ माणसे मंत्र म्हटला काय, न म्हटला काय, उठणारच होती. ती उठली आणि आयुष्यभर मांत्रिकाचे गुण गात फिरली. घोणस किंवा मण्यार चावलेली मेली. मेलेल्याने बाजारात येऊन कधी तक्रार केली आहे काय? त्याच्या बायकोला सांगितले जाई, ‘उशीर केलात.’ मांत्रिकाच्या खात्यावर जमाच जमा. खर्चाची बाजू सरणावर जळून गेलेली. आजचा जिमचा गुरू हा त्याच मांत्रिकाचा नातू आहे. ज्याला त्याच्या आहाराने बरे वाटले तो फोटो टाकतो. ज्याची लघवी चहासारखी तपकिरी झाली आणि ज्याला पुण्याला डायलिसिसवर ठेवावे लागले, त्याचा बाप शरमेने गप्प बसतो. तुम्हा-आम्हाला ऐकू येतात ते फक्त तगलेल्यांचे आवाज, आणि त्या गोंगाटाला आपण ‘अनुभव’ म्हणून डोक्यावर घेतो!

हा हिशेब नीट मांडला तर काय होते, हे बघायला लंडनला जायला नको. भोरहून वरंधा घाट उतरा, महाडच्या अलीकडे बिरवाडी लागेल. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, लहान पोरे त्याच्यासमोर फेसाळलेल्या तोंडाने मरत होती. दवाखान्यात आलेल्यांतही मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्याने काय केले? ‘मला एकदा विंचू चावला होता, मी कांदा चोळला, बरा झालो’ असे सांगत तो गावोगाव हिंडला नाही. प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात भरणारे पाणी यांच्या नोंदी केल्या. मेलेल्यांच्या नोंदीही ठेवल्या. आणि हेच महत्त्वाचे! विंचवाचे विष हृदयावर कसा घाला घालते ते ओळखून रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरले. आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या जगाच्या पहिल्या प्रतीच्या नियतकालिकात, जगभरचे टीकाकार तुटून पडतील अशा ठिकाणी छापले. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती उशिरानेच म्हणायची. ते प्रयोग आमच्याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर झाले, आमच्याच कातकऱ्या-कुणब्यांवर झाले, आणि अलीकडच्या उतारावरचे आम्ही? आम्ही प्रोटीनचा डबा हातात धरून शिकवणी घेणाऱ्याच्या नादी लागलो!

कोणी म्हणेल, थोर माणसांनीही स्वतःवर प्रयोग केलेच की. केले! १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना हाफकिनने आपण बनवलेली प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पण पुढचे वाचता की नाही? टोचून घेऊन तो गावभर दंड दाखवत फिरला नाही. भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना त्याने लस दिली, आणि टोचलेल्यांत किती आजारी पडले, न टोचलेल्यांत किती, हे मोजले. स्वतःला टोचणे ही त्याची छाती होती. मोजणे हे त्याचे शास्त्र. आमच्या गुरूंनी पहिले उचलले आणि दुसरे घाटाखाली फेकून दिले.

गांधीजींचे नाव तर या मंडळींच्या तोंडी सदा असते. आहाराचे प्रयोग गांधीजींनी आयुष्यभर केले, १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांवर आसूड ओढले, १९४६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू केले. तेच गांधीजी १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून ससूनमध्ये आणले गेले आणि कर्नल मॅडॉक या सर्जनने त्यांचे अपेंडिक्स कापले. वादळाने वीज गेली, शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. त्या रात्री गांधीजींनी पोटावर मातीची पट्टी मागितली नाही! आपल्या प्रयोगाची हद्द कुठे संपते हे कळायला महात्मा असावे लागते असे नाही. पण किमान आपण महात्मा नाही एवढे तरी कळावे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीही सूर्यनमस्कार आधी स्वतः वर्षानुवर्षे घातले आणि मग संस्थानच्या शाळांत आणले. भोरच्या पंतसचिवांसारखाच हा संस्थानिक, पण त्याच्या नमस्काराला डबा लागत नव्हता, गोळी लागत नव्हती, महिन्याची वर्गणी लागत नव्हती. आजच्या उपदेशाच्या शेवटी मात्र हमखास एक डबा निघतो. आणि त्या डब्यात काय असते? २०२४ मध्ये भारतीय बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा जवळपास सत्तर टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती खोटी निघाली. बाप भात विकून पोराला जे पाजतो, ते डब्यावर लिहिले आहे तेही नाही!

‘पण आमचे तर सगळे नैसर्गिक आहे’ असे म्हणणारा दुसरा संप्रदाय आहे. पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या वाटेवर हिरवे ग्लास घेऊन तो बसतो. दुधीचा रस, कारल्याचा रस, गुळवेलीचा काढा. मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सर्वांवर एकच उतारा. आमच्या वेल्ह्यातली कोणतीही आजी दुधी चिरताना आधी एक काप जिभेला लावून बघते, कडू लागला तर अख्खा दुधी उकिरड्यावर. का, ते तिला शाळेत कोणी शिकवले नव्हते; पण कडू दुधीतल्या विषाने रक्ताच्या उलट्या होऊन माणूस दगावतो. दिल्लीत २०१० साली असा रस प्यायलेला एक शास्त्रज्ञ गेला, तेव्हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेला समिती नेमून हेच सांगावे लागले की कडू रस पिऊ नका. आजीची अक्कल समितीला पटली. रसवाल्याला पटत नाही, कारण त्याच्या मते ‘जितकं कडू तितकं गुणकारी’! गुळवेलीचे तसेच. कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीच्या नावाखाली घराघरांत काढे उकळले, आणि २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईत यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी केली, सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, दुसरी सारखी दिसणारी वेल असू शकते. मान्य करू. मग मंत्रालयानेच सांगावे, की तज्ज्ञांनाही जी ओळख पटवावी लागते, ती भोरच्या बाजारात तोडून आणलेल्या वेलीची कोण पटवणार? मोबाइल?

खुद्द डॉक्टरांनी सांगितलेले आहारसुद्धा या चरकातून सुखरूप निघत नाहीत. काही वर्षांपूर्वी अख्खा महाराष्ट्र ‘दीक्षित की दिवेकर’, कोणाचा आहार खरा, म्हणून भांडत होता. दोघेही शिकलेले, आपापल्या शास्त्राचे. डॉ. दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा सांगत आणि कोणाकोणाला हे चालणार नाही, हेही सांगत. गावात पोचेपर्यंत ‘दोनदाच जेवा’ एवढेच उरले. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने इन्सुलिन तेवढेच ठेवून जेवण तोडले तर साखर उतरून तो बेशुद्ध पडतो, ही ओळ वाटेत कुठल्या तरी पारावर गळाली.

सरकार काय करते आहे? १९५४ चा औषधे व जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, एवढेच काय, माणसाची उंची वाढवून देण्याच्या जाहिरातीलाही त्यात मनाई आहे. पोलीस भरतीला १६५ सेंटिमीटर लागतात आणि उंची वाढवण्याच्या पावडरी खुलेआम विकल्या जातात. सत्तर वर्षांच्या कायद्याला अजून दात फुटायचे आहेत! अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे त्याने गुन्हा ठरवले. उत्तम. मग मधुमेह्याची गोळी बंद करायला लावणाऱ्याने काय पुण्य केले? मंत्र पुटपुटला तर तुरुंग आणि इंग्रजी शब्द पुटपुटला तर सत्कार? आणि सत्कार होतातच. गणपतीत, शिवजयंतीत, मंडळाच्या व्यासपीठावर, लोकप्रतिनिधीच्या हस्ते, शाल-श्रीफळ देऊन! ज्या हातांनी औषध निरीक्षकाच्या नेमणुकीची फाइल पुढे सरकवायची, ते हात हार घालण्यात गुंतलेले आहेत.

आमच्या मागण्या गोड बोलून मांडण्याची वेळ गेली. भरतीचे वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाची तालुक्यात नोंद झाली पाहिजे. धावायला लावण्यापूर्वी प्रत्येक पोराचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि ईसीजी सरकारी रुग्णालयात फुकट निघाला पाहिजे; त्यासाठी आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवा, भोरलाही आणि वेल्ह्यालाही. चिठ्ठीशिवाय इंजेक्शन आणि स्टेरॉइड देणाऱ्या मेडिकलचा परवाना समज देऊन सोडू नका, रद्द करा. डॉक्टरांनी दर बाजारच्या दिवशी दहा मिनिटे चावडीवर उभे राहून लोकांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे द्यावीत. फी घेऊ नये. आणि गुरूंनो, वही काढा. किती जणांना सांगितले, किती जणांनी सोडले, कोणाला चक्कर आली, कोणाला ॲडमिट करावे लागले, नावे झाकून आकडे चौकात लावा. लावता येत नसतील तर दुकान बंद करा.

पंचायत समितीची आमसभा भरली की रस्ते, पाणी आणि वीज यांवर घसे कोरडे होतात. या वर्षी त्या यादीत हा विषय आला पाहिजे, तोही शेवटी वेळ उरला तर नव्हे. उत्तर द्यायला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांबरोबर जिल्ह्याचे औषध निरीक्षक समोर हजर पाहिजेत, आणि ते आले नाहीत तर सभा तहकूब करून पुन्हा बोलवा.